चुकून आलेली आरामखुर्ची

वडील सकाळी गेले. ते भिंतीला टेकून बसले होते. शेजारी आरामखुर्ची होती. तिच्या हातांवरची सुतळी सोडलेली नव्हती.

खुर्ची आमची नव्हती, म्हणून ती सोडली नव्हती. ती आमच्या घरी कशी आली आणि का राहिली, हे कागदावर लिहायला मी आजवर बसले नाही. गोष्ट तशी लहान आहे. तीत कोणी कोणाला फसवलं नाही.

वडील औरंगाबादेत एका वकिलांचे मुन्शी होते. वकील अदालतीत उभे राहत, आणि त्यांना जे बोलायचं असे ते वडिलांनी आधी उर्दूत, तेव्हाच्या सरकारी भाषेत, लिहून दिलेलं असे. आम्ही शहागंजच्या मागच्या गल्लीत दोन खोल्यांत राहत होतो. वाटणीचं भांडण, शेजाऱ्याच्या पन्हाळीचं पाणी, असल्या गोष्टी घेऊन गल्लीतले लोक वडिलांकडे येत आणि थोडं मानानं, थोडं थट्टेनं त्यांना वकीलसाहेब म्हणत. खरे वकीलसाहेब वेशीबाहेर बंगल्यात राहत.

वडिलांना दमा होता. आडवं पडलं की श्वास कोंडे, म्हणून ते बसूनच झोपत. समोरच्या खोलीत भिंतीशी घडी केलेली सतरंजी, पाठीला लोड आणि मागे भिंतीला टेकलेलं डोकं. लोड घसरे. तो घसरला की ते जागे होत, सरळ करत, पुन्हा डोळे मिटत. हकीमसाहेबांनी सांगितलं होतं, पाठीला उतार पाहिजे आणि हातांना आधार पाहिजे, म्हणजे छातीवर भार येणार नाही. आईनं विचारलं होतं, म्हणजे आरामखुर्ची का? हकीमसाहेब म्हणाले होते, असली तर फारच उत्तम. वडिलांनी विषय बदलला होता.

त्यानंतर थोड्याच दिवसांत खुर्ची आली.

एका हमालानं ती डोक्यावरून आणली. करमाडकडचा माणूस होता, दारात टेकवून घाम पुसत म्हणाला, "वकीलसाहेबाचं घर ह्येच न्हवं? गल्लीत इचारलं तर समद्यांनी हिकडंच बोट केलं."

"हो, हेच," आई म्हणाली.

सागवानी खुर्ची होती. पाठ आणि बैठक वेताची, हात इतके लांब की कोपरापासून बोटांपर्यंत सगळा हात त्यावर विसावेल. पॉलिशला ओरखडा येऊ नये म्हणून दोन्ही हातांना चिंध्या गुंडाळून वरून सुतळी बांधली होती. आईला वाटलं, वडिलांनी आम्हाला न सांगता बनवायला टाकली. मी त्या वेळी मुलींच्या सरकारी शाळेत शिकवत होते. शाळेतून आले तेव्हा तिनं ट्रंक हलवून भिंतीशेजारी जागा केली होती, आणि ती स्वतःशीच काहीतरी गुणगुणत होती. तिचं गुणगुणणं मी क्वचितच ऐकलं आहे.

संध्याकाळी वडील कचेरीतून आले. टोपी काढता काढता थांबले.

"ही आपली नाही."

"हमाल म्हणाला, वकीलसाहेबांची."

"मग वकीलसाहेबांची असेल. मी मुन्शी आहे."

वडील लोड नीट करून भिंतीला टेकले.

सकाळी आम्ही दोघं बरोबर निघत असू. माझी शाळा त्यांच्या वाटेवरच होती. चालताना ते मध्येच थांबत आणि एखाद्या दुकानाची पाटी वाचू लागत. त्या पाट्या त्यांनी वर्षानुवर्षं वाचलेल्या होत्या. मीही शेजारी उभी राहून वाचल्यासारखं करी, तोवर त्यांचा श्वास जागेवर येई. त्या सकाळी आम्ही लाकडाच्या दुकानाशी थांबलो; वकीलसाहेबांचं सामान तिथेच बनत असे. दुकानदार म्हातारे मुसलमान गृहस्थ होते. भुवयांत भुसा, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली.

वडिलांनी खुर्चीचं सांगितलं. दुकानदारांनी कपाळाला हात लावला.

"या अल्ला. हमालकू बोल्या था, वेस के बाहर. मुन्शीजी, उठवून घेतो. आजच."

"सावकाश घ्या. चूक दुकानाची आहे, तेव्हा परत पोचवणं माझ्यावर नाही, हमालीही माझ्यावर नाही. तुम्हाला कळवणं माझ्यावर होतं, ते केलं. नेईपर्यंत जपणं माझ्यावर आहे. वापरणं माझ्या हक्कात नाही. अमानत आहे."

"आणि आम्ही नेलीच नाही तर?"

"मुनासिब, वाजवी मुदत उलटली की तुमचा हक्क जातो. मग ज्याच्या घरी वस्तू, त्याची."

"मुनासिब बोले तो कित्ती?"

"ते अदालत ठरवते," वडील म्हणाले, आणि दोघं हसले. वडील हसले की खोकला येई. ते खोकू लागले. दुकानदारांनी फळीवरचा भुसा झटकून त्यांना बसायला जागा केली, आणि खोकला थांबेपर्यंत ते त्यांच्याकडे बघत राहिले. मला वाटतं, त्यांनी ठरवलं ते तेव्हाच.

त्या दिवशी हमाल आला नाही. त्या आठवड्यातही नाही. वकीलसाहेबांना दुसरी खुर्ची बनवून गेली, असं वडिलांना कचेरीत कळलं.

आईनं खुर्चीवर जुनं लुगडं पांघरलं होतं. रोज ती धूळ झटके आणि रोज काहीतरी बोले.

"चोरून का आणलीय? दारात चालत आली."

"शेजाऱ्याची गाय आपल्या दारात आली, तर दूध काढायचं का?" वडील विचारत.

"गायीला न्यायला कोणी यायला तर हवं. आटून जाईल ती उभ्या उभ्या."

"आटू दे."

एकदा तिनं त्यांचं उपरणं घडी करून खुर्चीच्या हातावर ठेवलं. त्यांनी ते उचलून खुंटीला अडकवलं. खुर्चीची खुंटी करणं हेही वापरणंच, म्हणाले. एकदा गल्लीतली मांजर लुगड्याखाली शिरून वेतावर झोपली. वडिलांनी तिला हाकललं नाही. "तिला कायदा लागू नाही," म्हणाले. आई पोळ्या लाटत होती, तिथून म्हणाली, "तिला अक्कल तरी आहे."

दुकानावरून जाताना वडील रोज आठवण देत. आधी दुकानदार "हौ, हौ, आजच" म्हणत. पुढे ते दिसेनासे झाले. कारागीर सांगे, मालक नमाजला गेलेत. ती वेळ कुठल्याच नमाजची नसे. एकदा भिंतीला टेकवून ठेवलेल्या एका दाराखाली मला त्यांचे पाय दिसले, ओळखीचे जोडे घातलेले. वडिलांनाही दिसले असावेत. ते कारागिराला जरा मोठ्यानं म्हणाले, "मालकांना सांगा, अमानत घरी आहे. घेऊन जा."

पुढच्या पाटीशी थांबल्यावर मी विचारलं, "अण्णा, रोज कशाला सांगता?"

"आठवण दिली की मुदत नव्यानं सुरू होते."

"आणि नाही दिली तर?"

ते बराच वेळ पाटीकडे बघत राहिले. मग त्यांनी गंगापूरकडच्या एका दाव्याची हकिकत सांगितली. थोरला भाऊ परगावी होता. धाकट्यानं त्याचं शेत कसलं, कोणी विचारलं नाही, यानं सांगितलं नाही. मुदत गेली, शेत त्याचं झालं. "तो कागद मीच लिहिला. आपण जिंकलो. थोरला पायरीवर बसून होता, त्याच्या शेजारून मी उतरलो." श्वास घेऊन ते म्हणाले, "गप्प बसून झालेली वस्तू मला नको."

थंडी पडली आणि त्यांचं कचेरीत जाणं थांबलं. आता आठवण देणं माझ्याकडे आलं. सकाळी निघताना ते सांगत, "जाताना दुकानात सांग." आई मला दारापर्यंत पोचवायला येई आणि हळूच म्हणे, "नको सांगूस. चार दिवस नको सांगूस, मग ते बसतील." संध्याकाळी वडील विचारत, "सांगितलंस?" त्यांच्या प्रश्नाला मला खोटं उत्तर देता येत नव्हतं. मी सांगत होते. आईशी त्या दिवसांत मी फार बोलले नाही.

एका सकाळी दुकानदार दाराआड गेले नाहीत. मला म्हणाले, "बेटी, तू नक्को आया कर. मुन्शीजी कैसे हैं? आराम से बैठते ना?"

"भिंतीला टेकून बसतात."

"और कुर्सी?"

"कुर्सी शेजारी आहे."

त्यांनी चष्मा काढला. बांधलेला दोरा बोटांनी चाचपत राहिले. दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता, त्या राज्यात सरकारी शाळांच्या सुटीचा दिवस. दुपारची नमाज झाल्यावर ते आमच्या घरी आले.

वडिलांनी आईला खूण केली. तिनं दुसरी सतरंजी अंथरली. दोघं म्हातारे जमिनीवर समोरासमोर बसले आणि शेजारी ती खुर्ची उभी होती. दुकानदारांनी लुगडं थोडं बाजूला केलं. सुतळी पाहिली.

"मुन्शीजी, मुदत तो गई."

"कालच मुलीनं आठवण दिलीय. गवाह ती स्वतः."

"मी ऐकलीच नाही. कानानं अधू झालोय."

"कान अधू असतील. पाय चांगले ऐकत होते, दाराखालून."

दुकानदार मोठ्यानं हसले. वडीलही हसले आणि मग बराच वेळ खोकत राहिले. आई पाणी घेऊन आली. खोकला थांबल्यावर दुकानदार खाली बघत म्हणाले, "एक बार बैठ जाओ. मैं देखता नहीं. तोंड भिंतीकडे करतो."

"तुमची वस्तू आहे. तुम्ही बसा."

"मेरी है तो मैं बोलता हूँ ना, बैठो."

"तुम्ही बोलता, कारण मी खोकतो. खोकला नसता तर नेली असतीत."

वडिलांनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. म्हणाले, "घेऊन जा. बोलावतो हमाल?"

दुकानदार उठले. खुर्चीकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं. "आज हमाल खाली नहीं," म्हणाले आणि जोडे घालून निघून गेले. त्यांच्या दुकानासमोर दिवसभर हमाल बसलेले असत.

त्या संध्याकाळी आई पहिल्यांदा रडताना दिसली. रागानं रडत होती. "सगळं जग द्यायला बसलंय आणि यांना घेता येत नाही." वडिलांनी ऐकलं. म्हणाले, "अगं, मला ती बघून बरं वाटतं. एवढं पुरे आहे." ते खरं होतं का, मला माहीत नाही. कधीकधी त्यांचा हात खुर्चीच्या पायावर असे, सुतळीच्या खाली, जिथे लाकूड उघडं होतं.

त्याच थंडीत ते गेले. आई पेज घेऊन गेली तेव्हा डोकं भिंतीला टेकलेलं होतं आणि लोड घसरलेला होता. त्यांनी तो सरळ केला नव्हता.

तेरावं झाल्यावर दुकानदार आले. आत आले नाहीत, उंबऱ्याबाहेर उभे राहिले. आई दाराच्या आत, पदर डोक्यावर.

"भाभी," ते म्हणाले, "आता तरी ती इथंच राहू द्या. मुन्शीजींची म्हणून."

मला वाटलं, आई हो म्हणेल. घरात ती खुर्ची ज्या माणसासाठी हवी होती तो नव्हता, तरी तिनं इतके महिने तिच्यासाठी भांडण केलं होतं. आई म्हणाली, "त्यांनी तुम्हाला रोज सांगितलं, घेऊन जा. आता तरी त्यांचं ऐका."

दुकानदारांनी मान हलवली. 

दुसऱ्या दिवशी तोच हमाल आला. लुगडं काढून त्यानं खुर्ची सगळीकडून पाहिली. "ही गाठ माझीच," म्हणाला. "जशीच्या तशी हाय. बसलं नाय व्हय कुनी?" आई लुगड्याची घडी घालू लागली. दुकानदार बरोबर आले होते. हमालाच्या शेजारून चालताना त्यांनी एक हात वर करून खुर्चीच्या पायाला धरलं होतं, जणू ती पडेल. गल्लीच्या वळणापर्यंत तो हात मला दिसत होता.

त्यांनी ती विकली नाही. शाळेला जाताना मला ती दुकानात मागे, उलटी करून आढ्याला टांगलेली दिसे. चिंध्या तशाच होत्या. दुकानदार मला बघून मान लववत, मीही लववत असे. आम्ही बोलत नसू. काही वर्षांनी राज्य बदललं, पाट्या बदलल्या आणि एक दिवस ते दुकान बंद दिसलं. ते कुठे गेले, खुर्ची कोणी नेली, हे मी विचारायला गेले नाही. विचारण्याचा माझा हक्कही नव्हता.

आईलाही जाऊन आता पुष्कळ काळ झाला. त्या दोन खोल्या अजून माझ्याकडे आहेत. समोरच्या खोलीच्या भिंतीवर, बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या उंचीवर, तेलाचा डाग आहे. दिवाळीला चुना देते. काही महिन्यांनी डाग वर येतो. त्याच्या शेजारी मी काही ठेवलेलं नाही.