जोतीराम पेंटरची मुद्दाम केलेली चूक

कडेगावच्या एस.टी. स्टँडसमोरच्या रसवंतीवर नवा फ्लेक्स लागला आणि तिसऱ्या दिवसापासून जोतीराम पेंटरला जेवण जाईना. फ्लेक्सवर उसाची मोळी होती, बर्फाचा गोळा होता आणि हातभर अक्षरांत लिहिलं होतं, 'जय हनुमान रसवंती ग्रह'. 'गृह'चा 'ग्रह' झाला होता. साताऱ्याच्या कुण्या प्रवाशानं त्याचा फोटो काढला आणि 'शनी ओलांडला की डाव्या हाताला' असं लिहून मोबाईलवर सोडून दिला. झालं! रस प्यायला कमी आणि फोटो काढायला जास्त लोक यायला लागले. रसवंतीवाला खूश. आणि ज्यानं फ्लेक्स छापला त्या विश्वजितच्या दुकानात पाय ठेवायला जागा उरली नाही.

जोतीराम साठीला टेकलेला. चाळीस वर्षं त्यानं ब्रश चालवला होता. सोसायटीची पाटी, दवाखान्याची पाटी, शाळेच्या भिंतीवरचे सुविचार, सगळं त्याच्याच हातचं. अक्षर मोत्यासारखं होतं, पण त्याचा खरा तोरा शुद्धलेखनाचा. शाळा सातवीतच सुटलेली, म्हणूनच की काय, ऱ्हस्व-दीर्घाची त्याला धास्ती असायची. एखादा शब्द अडला की ब्रश रॉकेलात बुडवून ठेवायचा आणि सायकल हाणत हायस्कूलच्या मराठीच्या बाईंना गाठायचा. एकदा 'आशीर्वाद'मधला रफार एक अक्षर अलीकडं पडला, तर मंगल कार्यालयाची दहा फुटी पाटी त्यानं पांढरी करून पुन्हा लिहिली. त्याबद्दल त्याला कुणी शाबासकी दिली नाही. बरोबर लिहिलेली पाटी लोक वाचतात आणि पुढं जातात.

विश्वजित तिशीतला. कुपवाडच्या कारखान्यात सहा वर्षं घालवून परत आला होता आणि त्यानं फ्लेक्सचं मशीन घातलं होतं. स्वभावानं गोड, हात चलाख, पण शुद्धलेखनाच्या नावानं आनंद. ग्रामपंचायतीला त्यानं 'येथे कचरा टाकू नये' असा बोर्ड करून द्यायचा, तर अक्षरांमधली जागा सरकली आणि तयार झालं 'येथे कचरा टाकून ये'. लोकांनी हुकूम मानला, दोन दिवसांत उकिरडा झाला. वळणावरच्या बोर्डात स्वल्पविराम हुकला : 'गाडी हळू चालवा नका, घाई करू'. जो तो पोट धरून हसायचा आणि वर म्हणायचा, "विश्वजितचा बोर्ड म्हंजे विश्वजितचा!"

"चूक करायची आणि वर नाव व्हायचं," जोतीराम ताट सारून म्हणायचा. "मी चाळीस वरसं झक मारली."

"आवं, त्याचं त्याला, तुमचं तुमाला," त्याची बायको बनाबाई म्हणायची. "जेवा गप."

पण त्याच्या पोटातली आग काही विझेना. स्टँडवर जायचं टाळावं म्हणायचा आणि दिवसातून दोनदा तिकडूनच जायचा. विश्वजितच्या दारात किती गाड्या लागल्यात ते बघायचा आणि अंगाचा तिळपापड करून घेऊन घरी यायचा.

अशात धुळा सुभेदार आले. ते माजी सैनिक संघटनेचे सचिव. संघटनेची नवी खोली बांधून झाली होती.

"फ्लेक्स नको गड्या, वाऱ्यानं फाटतोय. रंगातच लिव. 'माजी सैनिक संघटना'. ठसठशीत."

दुसऱ्या दिवशी भर दुपारी जोतीराम शिडीवर चढला. 'मा' काढला. खाली रस्त्यावरून दोन पोरी मोबाईलमध्ये बघून खिदळत गेल्या. 'ग्रह' हा शब्द त्याच्या कानावर पडला. ब्रश हातात तसाच राहिला. आणि मग, आयुष्यात पहिल्यांदा, त्यानं जाणूनबुजून चुकीचं अक्षर काढलं. 'जी'च्या जागी 'झी'. 'माझी सैनिक संघटना'.

 शिडीवरून उतरताना तो मनात म्हणाला, आता काढा म्हणावं फोटो.

फोटो निघाले. पण कुणी हसलं नाही. सुभेदारांनी पाटी वाचली, पुन्हा वाचली आणि त्यांचे डोळे भरून आले.

"संघटना माझी! व्हय की नाही? जोतीराम चुकायचा न्हाई. त्यानं मनातनं लिवलंय."

म्हाताऱ्या जवानांनी पाटीखाली छाती काढून फोटो काढले. जोतीरामचा सत्कार झाला, नारळ मिळाला. घरी येऊन त्यानं तो कोपऱ्यात ठेवला आणि फोडूच दिला नाही. विश्वजित चुकला की जग हसतं, आणि आपण चुकलो तर लोकांना ती चूकसुद्धा बरोबरच वाटते, ह्याचा त्याला आणखीच जळफळाट झाला.

महिनाभरानं शेजारची अंबूबाई दारात येऊन बसली. तिचा नवरा फौजेत होता, वारला त्याला बारा वर्षं झाली. नातीच्या, पूजाच्या, वसतिगृहाच्या अर्जासाठी ती संघटनेचं पत्र घेऊन सांगलीच्या कचेरीत गेली होती. चपला धुळीनं माखल्या होत्या.

"जोतीभाऊ, तुला वाचाय येतंय. बघ बरं ह्यात काय चुकलंय. सायब म्हनला, असल्या नावाची संघटनाच न्हाई. माघारी लावलं बघ मला. शुक्रवारी शेवटली तारीख हाय."

जोतीरामनं कागद उलगडला. वर कोऱ्या करकरीत छपाईत 'माझी सैनिक संघटना', खाली गोल शिक्क्यात तेच. त्याच्या कानशिलातून वाफ निघाल्यासारखं झालं. आधी आठवण झाली ती विश्वजितची. ह्या बेण्यानंच छापलं असणार!

तो तरातरा दुकानात गेला आणि कागद काउंटरवर आपटला.

"हे काय छापलंस रं? एका बाईला सांगलीस्नं माघारी यावं लागलं!"

विश्वजितनं कागद बघितला. "अण्णा, पयलं मी 'माजी'च केल्तं. सुभेदार म्हणाले, नाव बदललंय. मला खरं वाटंना, म्हणून तुमची पाटी बघून आलो. तुमी 'माझी' लिवलेलं. म्हटलं, मग आपलंच चुकतंय."

"माझी पाटी बघून?"

"आवं, मी अडलो की तुमच्याच पाट्या बघतो. 'गृह' नेमका कुठं घावला न्हाई, म्हणून घोटाळा झाला." त्यानं मोबाईल पुढं केला. दवाखाना, सोसायटी, मंगल कार्यालय, शाळेची भिंत. जोतीरामच्या साठ-सत्तर पाट्या एकाखाली एक होत्या.

जोतीराम स्टुलावर बसला.  मग म्हणाला, "चुकून न्हाई लिवलं, विश्वजित. मुद्दाम लिवलं. तुझ्यावाणी नाव व्हावं म्हणून."

विश्वजितला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा त्याचा चेहरा उतरला.

"ते हसत्यात, अण्णा. परवा सासऱ्यानं भर पंगतीत इचारलं, जावईबापू, कुठल्या ग्रहावर ऱ्हाता? मान वर न करता जेवलो मी."

त्याच दुपारी विश्वजितनं नवं लेटरहेड छापलं, शिक्का बदलून घेतला. सुभेदारांना खरं सांगायचं काम जोतीरामनं स्वतः केलं. सुभेदार लालबुंद झाले. "आमी छाती फुगवून फोटू काढलं रं!" एवढंच म्हणाले आणि पत्रावर सही करताना त्याच्याकडे बघितलं नाही. पुढं दिवाळीपर्यंत ते त्याच्याशी बोलले नाहीत.

शुक्रवारी पहिल्या गाडीनं जोतीराम अंबूबाईबरोबर सांगलीला गेला. रांगेत तोच उभा राहिला. अर्ज घेतला गेला, पोच मिळाली. पूजाला वसतिगृहात जागा मिळाली हे जूनमध्ये कळलं. अंबूबाईला त्यानं पाटीचं खरं कारण गाडीतच सांगितलं होतं. ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "मानूस हाय. जळतंयच की." आणि पिशवीतली अर्धी भाकरी त्याच्या हातावर ठेवली.

सांगलीहून आल्यावर संघटनेची पाटी त्यानं दुसऱ्याच दिवशी नीट केली. 'झी' पुसायला दोन हात रंग लागला.

आता विश्वजित प्रत्येक मजकूर आधी जोतीरामच्या मोबाईलवर पाठवतो. जोतीराम चष्मा लावून ओट्यावर बसतो, वेलांट्या-उकार सरळ करतो आणि परत धाडतो. गावात बोललं जातं की हल्ली विश्वजितचे बोर्ड लय सुधारलेत, पोरगं हुशार निघालं. जोतीरामचं नाव कुणी घेत नाही. विश्वजित स्वतः सांगतो, पण गिऱ्हाइकांना ते ऐकायला सवड नसते.

"आता तरी जळू नगा," परवा बनाबाई म्हणाली.

"जळतंय कोण?" जोतीराम म्हणाला. मग पायात चपला सरकवून स्टँडकडं गेला आणि विश्वजितच्या दारातल्या मोटारसायकली मोजून आला. सात होत्या.