ब्राउनीला मारलेलं ढेकूळ

ईशा आणि नील,

नील, तू पाठवलेला ईशाचा फोटो पाहिला. मांडीवर तिकडच्या, अमेरिकेतल्या रॅकूनचं पिल्लू, आणि खाली लिहिलंय की वन्यप्राणी केंद्रातल्या उन्हाळी इंटर्नशिपमध्ये या पिल्लानंच तिला बरं केलं. आजारी पिल्लू होतं की ईशा, ते कळलं नाही. म्हणून हे आत्ताच लिहिते. अशा केंद्रात मीही एक उन्हाळा काढला आहे.

कापसाचे भाव बसले त्या वर्षांत राळेगावची आमची विनाअनुदानित शाळा बंद पडली. मी तिथं इंग्रजी शिकवायची. यवतमाळजवळ पोरकी पिल्लं वाढवून जंगलात परत सोडणाऱ्या एका वन्यप्राणी केंद्राला उन्हाळ्यापुरतं कोणीतरी इंग्रजी लिहिणारं हवं होतं. एसटी स्टँडवर सोडायला आई आली होती आणि माझा धाकटा भाऊ सुधाकर.

"ताई रोह्याइले दूध पाजाले चालली," सुधाकर कंडक्टरला ऐकू जाईल असं म्हणाला. "अन् थे रोही आमची पऱ्हाटी खाऊन राह्यले. एबीसीडी बी शिकवजो त्याइले!"

रोही म्हणजे नीलगाय, पऱ्हाटी म्हणजे कपाशी. आई हसली नाही. "बस गाडीत. आता मांगं पाहू नको," एवढंच म्हणाली.

त्या काळात आमच्या जिल्ह्यात कॅमेरा घेऊन येणाऱ्यांना दोनच गोष्टी हव्या असत: दारात बसलेली, आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याची विधवा किंवा बाटलीनं दूध पिणारं पिल्लू. दुसरीसाठी आमच्याकडे गर्दी होई. मुंबई-पुण्याची मुलं इंटर्न म्हणून येत, दिवसभर उन्हाला शिव्या देत आणि संध्याकाळी आपण प्राण्यांकडून काय शिकलो ते एकमेकांना सांगत. प्राणी त्यांच्याकडून काय शिकतात, याची चौकशी कोणी केली नाही.

नियम सोपा होता. बाटली गोणपाटाच्या पडद्याआडून धरायची, बोलायचं नाही, कुरवाळायचं नाही. माणसाला न भिणारं रोही पहिल्याच शिवारात मरतं. करण नावाच्या इंटर्नला हे 'निगेटिव्ह' वाटलं. विहिरीतून काढलेल्या रोह्याच्या पिल्लाचं नाव त्यानं ब्राउनी ठेवलं आणि हाक मारून बिस्किटं चारायला लागला. मी संचालकांकडे तक्रार केली. त्यांनी ब्राउनीसोबत फोटो काढून घेतला.

पिल्लू चाऱ्यावर आलं. सोडायची जागा ठरली राळेगावकडचं जंगल, आणि त्याला लागूनच सुधाकरचं वावर. त्यानं आधीच बजावलं होतं, "माह्या वावरात दिसलं तं सोडत नाही म्या. मंग रडू नको, ताई."

जीपचं फळकं उघडलं. पिल्लू उतरलं, थोडं पुढं गेलं आणि थांबून मागं पाहू लागलं.

"ब्राउनी, गो, बेबी!" करण ओरडला.

नाव ऐकून ते धावत त्याच्याकडेच आलं. सगळे हसले. कोणी टाळ्या वाजवल्या, कोणी डोळे पुसले.

मी नांगरटीतलं ढेकूळ उचललं आणि पिल्लाच्या मांडीवर हाणलं. मग दुसरं. "हाड! चाल, निंघ! मांगं पाहू नको!" ते उधळलं आणि झाडीत दिसेनासं झालं.

"मॅम, हाऊ कॅन यू?" एक मुलगी रडत म्हणाली. "त्याला लागलं ना!"

"लागायलाच मारलं."

इंटर्नना प्राणिप्रेमाची प्रमाणपत्रं मिळाली. त्यातलं इंग्रजी माझंच होतं. मला पुढच्या हंगामाला कोणी बोलावलं नाही. मी यवतमाळात शिकवण्या घेत राहिले; राळेगावला परत राहायला गेले नाही.

केंद्राच्या जागी आता लग्नाचं लॉन आहे. आई गेली. घर म्हणून उरलाय तो सुधाकरचा रविवारचा फोन, आणि त्यात तक्रारीशिवाय काही नसतं. गेल्या रविवारचीच घ्या:

"ताई, तुह्या विद्यार्थ्याइनं सोयाबीन पुरं तुडवलं."

"तू दिसलास की पळतात का?"

"पळतेत ना! उभे कायले राह्यतीन?"

ईशा, त्या पिल्लाला मांडीवरून उतरव. इकडे रोही अजून आहेत, आणि माणूस दिसला की पळतात.