डब्यातली ओवाळणी

मला सख्खा भाऊ नाही. आम्ही बहिणी-बहिणीच. राजुरीला माझ्या माहेरी भाऊबीज म्हणजे दुसऱ्यांच्या ओसरीवर जाऊन बघायचा सण. त्यामुळं पुणे-नाशिक रोडला पेठेजवळच्या हॉटेलात मी भाकऱ्या थापायला लागले आणि पहिल्याच दिवाळीला मालक म्हणाला, "ताई, मला ओवाळायचं तुमी," तेव्हा मी हुरळले. आता स्वतःचाच राग येतो, पण हुरळले हे खरं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. रोडवर गाड्या वाढल्या होत्या आणि शहरातल्या लोकांना चुलीवरच्या भाकरीचं भारी कौतुक. मालकानं मागची चूल उचलून पुढच्या शेडमध्ये मांडली. गिऱ्हाईक उभं राहून बघायचं, फोटो काढायचं आणि निघताना लेकराच्या हातून एखादी नोट माझ्या परातीशेजारी ठेवायचं. आत वेटर बडीशेपेच्या प्लेटमध्ये बिल न्यायचे. प्लेटमध्ये गिऱ्हाईक जे ठेवून जाईल ते काउंटरवरच्या कुलपाच्या डब्यात पडायचं. दिवाळीआधी डबा उघडायचा आणि वेटरांनी वाटून घ्यायचं, असा नियम. पगार तो काय, नावाला! त्या डब्याच्या आशेवरच वेटर टिकायचे. आम्हा भाकरीवाल्यांचा त्यात वाटा नव्हता, पण चुलीपुढची नोट आमची. ती ठेवून घ्यायला कुणाची ना नव्हती.

आणि मी शहाणी, ती नोटही नेऊन डब्यात टाकायची. का, तर भावाचं हॉटेल! भावाच्या दारी जेवायला आलेल्या पावण्यांकडून बहिणीनं पैसे घ्यायचे? मला कसंतरीच वाटायचं. जोडीची भाकरीवाली मला वेड्यात काढायची. तिची नोट ती गुपचूप कनवटीला लावायची, आणि बरोबरच करायची.

पगार वाढवा म्हणून मी कधी तोंड उघडलं नाही. वेटरांपेक्षाही कमी मिळायचा. धुरानं डोळे चुरचुरायचे, हातावर चटके असायचेच. पण भाऊबीजेला मालक टोपी घालून पाटावर बसायचा, आम्ही दोघी ओवाळायचो, आणि तो दोघींच्या ताटात एकेक साडी ठेवायचा. घरी आले की जावांपुढं मी ती उलगडून दाखवायची. माझ्या माहेरची आहे म्हणून सांगायची. त्या एका वाक्यासाठी मी वर्षभर चुलीपुढं बसत होते म्हणा ना.

तिथं ओतूरकडचा एक जुना वेटर होता, मेंढरं विकून हॉटेलात लागलेला. एरवी मायेनं बोलायचा, मला पाण्याचा हंडा उचलू द्यायचा नाही. दिवाळी आली की मात्र तोंड फिरवायचा. अशी काही वर्षं गेली. मग एकदा डबा उघडल्याच्या दिवशी मी त्याला अडवलंच. माझं काय चुकतंय ते सांगा, म्हटलं.

त्यानं आधी काउंटरकडं बघून घेतलं. मग म्हणाला, "आक्का, तुमची भाऊबीजेची साडी आमच्या डब्यातनं येती. दरसाली आधी तुमच्या दोघींच्या साड्यांचं पैसं काढत्यात, मग उरलं ते आमाला. तुमाला ठावं न्हाई व्हय?"

मला काय ठाऊक असणार! इतकी वर्षं हे सगळे वेटर मला साडीखाऊ समजत होते. त्यांच्या पोरांच्या दिवाळीतलं काढून मी नेसत होते, आणि वर मिरवत होते. त्यात माझ्या परातीशेजारच्या नोटाही होत्याच की. म्हणजे माझेच पैसे, माझीच साडी, आणि गावभर कौतुक मालकाचं. अंगाचा नुसता तिळपापड झाला. त्या दिवशी माझी एक भाकरी धड फुगली नाही.

तरी मन वेडं असतं. त्याच्या ध्यानात आलं नसेल, कुणीतरी परस्पर केलं असेल, असं मी स्वतःला समजावत राहिले.

भाऊबीजेला तो पाटावर बसला. वेटर भोवती उभे होते. मी टिळा लावला, ओवाळलं. त्यानं साडी ठेवली. मी ती उचलून पाटाशेजारी ठेवली आणि म्हणाले, "दादा, ही वेटरांची हाय, त्यांना द्या. मला तुमच्या खिशातला एक रुपया टाका. लई झाला."

तो खिशात हात घालील असं मला खरंच वाटलं होतं. त्या रुपयावर मी बाकीचं सगळं गिळलं असतं, डबा, पगार, सगळं. तो उठला, टोपी काढली आणि मॅनेजरला म्हणाला, "या बाईचा हिशेब करून टाक. उद्यापासून दुसरी बघ."

बाई! माझ्या हातचं कुंकू अजून त्याच्या कपाळावर ओलं होतं. जोडीचीनं मान खाली घालून आपली साडी पिशवीत टाकली. ओतूरकडचा फडकं घेऊन टेबलं पुसायला लागला. त्यालाही पोट होतं, पण त्या क्षणी मला त्याचाही राग आला.

दिवस बुडाल्यावर घरी पोचले. जाऊ हौसेनं पुढं आली, यंदाची साडी बघू म्हणाली. मी तिच्याकडून काड्यापेटी मागून घेतली आणि अंगणातच निरांजन लावलं. ज्यांना भाऊ नसतो त्या बाया भाऊबीजेला चंद्राला ओवाळतात. बीजेची कोर डोंगराला टेकली होती. ती मावळायच्या आत मी ओवाळून घेतलं.