अस्वलाची पिल्लं आणि ग्रुपची एकुलती टेली लेन्स

फोटो काढणाऱ्यांकडे अल्बम साठतात. आमच्या मीरा रोडच्या फोटो ग्रुपमध्ये किस्सेच जास्त साठले, कारण रोल संपतो, काकालोकांची बडबड संपत नाही.

नव्वदच्या आसपास त्या ग्रुपमध्ये सात-आठ काका होते आणि नुकतंच कॉलेज संपवलेली मी. पूनम सागरमध्ये देसाईकाकांचा स्टुडिओ होता. ते लग्नाचे फोटो काढायचे, आणि लांबचं जवळ आणणारी, ग्रुपची एकुलती टेली लेन्स त्यांच्याच कपाटात असायची. मेळघाटची ट्रिप ठरली. मला आईच्या पाठीवर बसलेल्या अस्वलाच्या पिल्लांचा फोटो हवा होता. म्हणजे ती लेन्स हवी होती.

देसाईकाका म्हणाले, मुलींना ती जड पडते, हात हलतो. मी लेन्स लावलेला कॅमेरा डोळ्याला लावून त्यांच्यावर रोखला आणि खाली घेतलाच नाही. ट्रिपला पुऱ्या न्यायच्या की थेपले, यावर बैठक लांबतच गेली. शेवटी काका वैतागले. "घेऊन जा बाई, पण माझ्यावर रोखू नकोस!"

*

जवळच्या पेणकरपाड्यात एक कुत्री व्यायली होती. रोज सकाळी तिच्या पिल्लांसमोर पोटावर झोपून मी सराव करायचे. पाण्याला येणारी एक म्हातारी लांबून बघायची. एकदा हंडा खाली ठेवून तिनं विचारलं,

"बाय, बारसा हाय काय?"

*

आईला अस्वलाची भीती नव्हती. इतक्या पुरुषांबरोबर एकटी मुलगी, लोक काय म्हणतील, हा प्रश्न होता. मी म्हटलं, अर्ध्यांना गुडघेदुखी आहे आणि उरलेल्यांना मधुमेह.

आई विचारात पडली. मग म्हणाली, "त्यांच्या गोळ्यांचं तूच बघ."

*

मेळघाटात मचाणावर दोघांपुरतीच जागा होती. मी आणि देसाईकाका चढलो. तोंडातून आवाज काढायचा नाही, अशी वनरक्षकाची ताकीद होती. पहिल्या दिवशी काही दिसेना, तेव्हा काका खुणेनं म्हणाले, चल, नाश्ता. मी जागची हलले नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडताना ती आली. पाठीवर दोन पिल्लं, केसांना घट्ट धरून. तिनं वारुळात तोंड खुपसलं आणि आमच्याकडे पाठ केली. पिल्लांची तोंडंही पलीकडे. फ्रेममध्ये नुसते काळे केस. मी बटणावर बोट ठेवून श्वास रोखला. एवढ्यात शेजारून, मांडवात निघावा तसा खणखणीत आवाज आला,

"वहिनी, जरा इकडे बघा!"

मी बटण दाबलं. नंतर तिथे फक्त वारूळ होतं आणि हलणारी झुडपं. परतीच्या प्रवासात मी काकांपासून सर्वांत लांबची खिडकी धरली.

रोल धुऊन आला. काकांनी प्रिंट उजेडात धरली. वहिनींनी मान वळवलीच नव्हती. दोन्ही पिल्लं मात्र थेट कॅमेऱ्यात बघत होती. एकदम शार्प.

काकांनी आधी पिल्लांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"किती गुणी मुलं आहेत. मोठ्यांचं ऐकतात."