आमचे जुने स्पीकर आणि ‘जड सामान’ मंडळी

जुने स्पीकर घरात आले की भिंतीमागे वायरी साठतात आणि तोंडात किस्से. वायरींचा गुंता मी अधूनमधून सोडवते. किश्शांचं मात्र अवघड आहे. एक सांगायला घेतला की त्याला धरून दुसरा येतो, आणि समोरचा घड्याळाकडे बघायला लागला तरी आपलं तोंड थांबत नाही. माझा नवरा मिलिंद तर पाहुण्यांना दारातच बजावून ठेवतो, "स्पीकरबद्दल काही विचारू नका हां, जेवायला उशीर होईल!"

आधी मंडळी सांगते. आम्ही चौघं. मी अनघा, क्रॉयडनमध्ये फार्मसिस्ट. अवि आयटीत, माझ्या घरापासून ट्रामने चार स्टॉप. प्रदीप गायकवाड मँचेस्टरच्या हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ. आणि ग्लासगोचे कर्णिक काका, वय अठ्ठ्याहत्तर, सगळं आयुष्य जहाजांच्या इंजिनांवर काढलेलं. ते आमचे गुरू. चौघांकडेही साधारण माझ्याच वयाचे, ब्रिटिश बनावटीचे स्पीकर आहेत. एकेक खोकं कमरेएवढं उंच, दोघांनी मिळून उचलायचं. म्हणून आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचं नाव ‘जड सामान’. वर्षातून तीन-चारदा कुणा एकाकडे जमायचं, दुपारभर ऐकायचं, भांडायचं, जेवायचं आणि आपापली ट्रेन पकडायची.

लोक विचारतात, हल्ली तळहाताएवढे स्पीकर मिळतात, मग ही कपाटं कशाला? याचं सरळ उत्तर मला अजून जमलेलं नाही. मग मी किस्सा सांगते.

* * *

आमचं घर सेमी-डिटॅच्ड. एक भिंत शेजारच्या पॅट्रिशियाची आणि आमची मिळून. पॅट्रिशिया एका शाळेच्या किचनमधून रिटायर झालेली, एकटी राहते.

स्पीकर नवीन आले तेव्हाची गोष्ट. शनिवारी सकाळी मी एका बुवांचा विलंबित ख्याल लावला होता. अगदी संथ. एकेक सूर असा ओढत, घोटत, पुन्हा मागे येत. अर्ध्या तासानं बेल वाजली. दारात पॅट्रिशिया. हातात टॉवेलमध्ये गुंडाळलेलं पातेलं, चेहरा काळजीचा.

"तुझे वडील आलेत हे मला माहीतच नव्हतं," ती हळू आवाजात म्हणाली. "फार दुखतंय का गं त्यांना?"

मला कळायलाच वेळ लागला! मग मी तिला आत घेऊन गेले. खोलीत माणूस नाही, नुसती दोन खोकी, आणि त्या दोघांच्या मधोमध बुवांचा आवाज. ती त्या रिकाम्या जागेकडे बघत खुर्चीवर टेकली. मला वाटलं, दोन मिनिटांनी उठेल. दहा मिनिटांनी म्हणाली, "तो काहीतरी शोधतोय."

"हो."

"सापडतं का त्याला?"

"कधीकधी."

ती शेवटपर्यंत बसली. मग आम्ही दोघींनी बुवांसाठी आणलेलं लीकच्या पातीचं आणि बटाट्याचं सूप प्यायलं.

आता एखाद्या शनिवारी मी काही लावलं नाही, तर साडेदहाच्या सुमारास तिचा मेसेज येतो: "आज त्याला बरं नाहीये का?"

* * *

अविचा स्वभाव असा की तो डोसासुद्धा मोजपट्टी घेऊन घालेल. त्यानं एकदा स्पीकर उघडायचं ठरवलं. स्पीकरच्या पोटात एक लहानसं सर्किट असतं. जाड आवाज मोठ्या पडद्याकडे आणि बारीक आवाज छोट्याकडे धाडायचं काम त्याचं. वर्षानुवर्षांनी त्यातले भाग सुकून जातात. अविनं तीन महिने खपून स्वतःच्या हातानं ते सगळे बदलले. मग आम्हाला बोलावलं.

सरोदची रेकॉर्ड लावली. सगळे डोळे मिटून बसले.

काका म्हणाले, "पोत सुटा झालाय."

प्रदीप म्हणाला, "वादक गुडघ्याला गुडघा लावून बसलाय रे!"

मी मागे कशी राहणार? मी म्हटलं, "डाव्या बाजूला केवढी जागा झालीये बघा."

अविच्या डोळ्यांत पाणी यायचं तेवढं बाकी होतं. तेवढ्यात त्याची लेक ईशा चहाचा ट्रे घेऊन आली. ईशा क्रॉयडनमध्येच जन्मलेली, आता सॉलिसिटरचं ट्रेनिंग करते. तिनं ट्रे ठेवला, जरा थांबली, डाव्या स्पीकरला कान लावला आणि म्हणाली, "बाबा, ही स्पीकर झोपली आहे. काहीच बोलत नाही."

एरवी अवि तिचं लिंग-वचन सुधारतो. त्या दिवशी तो नुसताच गुडघ्यांवर बसून मागे वाकला. वायर जोडलेलीच नव्हती!

कुणी कुणाकडे बघेना. शेवटी काकांनी घसा साफ केला. "काय असेल ते असो. शांतता मात्र फार स्वच्छ येत होती."

हसून हसून आमची पोटं दुखली. पण घरी जाताना ट्राममध्ये मी विचार करत होते. खोटं असं कुणीच बोललं नव्हतं. खोलीत काहीतरी खरोखरच सुंदर होतं. आम्ही बहुतेक अविचे तीन महिने ऐकत होतो.

* * *

प्रदीपचे स्पीकर ग्लासगोचे. काकांच्या ओळखीतल्या मोयरा नावाच्या बाईला ते कुणाला तरी देऊन टाकायचे होते. तिचा नवरा आदल्या हिवाळ्यात गेला होता. व्हॅन भाड्यानं घेऊन प्रदीप, अवि आणि मी तिच्या फ्लॅटवर गेलो. मोठ्या खिडकीच्या दोन्ही अंगांना ती दोन खोकी उभी होती, अक्रोडाच्या लाकडाची, आरशासारखी.

तिनं चहा दिला, शॉर्टब्रेड दिली. प्रदीपनं विचारलं, "एकदा लावून बघितलं तर चालेल का?"

"नको," ती म्हणाली. "मी चाळीस वर्षं ऐकलंय."

आम्ही उठलो. प्रदीप आणि अविनं एका स्पीकरला दोन्हीकडून हात घातले, तोच ती म्हणाली, "थांबा!" आणि आत गेली. आम्हाला वाटलं, संपलं, मन बदललं तिचं.

ती पिवळं फडकं घेऊन बाहेर आली. "त्यानं मला यांना कधी हात लावू दिला नाही," ती म्हणाली. "म्हणायचा, तू ओरखडा पाडशील."

आणि तिनं पुसायला सुरुवात केली. वरचा भाग, मग कडा, मग दोन्ही बाजू. मग खाली बसून पायाशी. एक झाला की दुसरा. चांगली पंधरा मिनिटं. आम्ही तिघं भिंतीला टेकून उभे. मदत करू का विचारायचं कुणालाच सुचलं नाही, आणि सुचलं असतं तरी बरं दिसलं नसतं.

शेवटी ती उभी राहिली, फडक्याची नीट घडी केली.

"एकसुद्धा ओरखडा नाही," ती म्हणाली. "तुम्ही तिघं साक्षीदार आहात!"

* * *

हा अगदी छोटा आहे. मिलिंदला गाण्यातलं काही कळत नाही आणि कळून घ्यायची इच्छाही नाही. माझी आई आजारी होती म्हणून मी तीन आठवडे पुण्याला गेले होते. एके दिवशी व्हिडिओ कॉल केला, तर हा माझ्या ऐकायच्या खुर्चीत, दोन्ही स्पीकरच्या बरोबर मधोमध बसलेला!

मी खूश. "काय लावलंयस रे?"

"काही नाही. नुसताच बसलोय."

"म्हणजे?"

"तू नसलीस की घर फार स्पष्ट ऐकू येतं," तो म्हणाला, आणि लगेच बॉयलरच्या सर्व्हिसिंगबद्दल बोलायला लागला.

* * *

कर्णिक काका म्हणजे आमचं शेवटचं कोर्ट. कुठला स्पीकर बरोबर, कुठला वरच्या सुरांत कर्कश, हे काका ठरवणार आणि आम्ही मान डोलावणार. एकदा तर त्यांच्या एका ‘नाही’वर अविनं महिनाभर शोधून आणलेले पार्ट परत पाठवले होते.

गेल्या वर्षी काकांच्या मुलीनं त्यांना बळेबळे कान तपासायला नेलं. तिथल्या मुलीनं आलेख काढून दाखवला. एका जागेपर्यंत रेघ ठीकठाक, आणि तिथून पुढे कडा कोसळल्यासारखी खाली. वरचे बारीक आवाज काकांना जवळजवळ येतच नव्हते. आणि हे आजचं नाही, म्हणाली ती, चांगली पंधरा वर्षं झाली असतील.

काका हे लपवू शकले असते. कुणाला कळणार होतं? पण पुढच्या भेटीत, प्रदीपच्या घरी, आम्ही बसल्यावर ते उभे राहिले. हातात तो आलेख. शाळेत प्रगतिपुस्तक दाखवावं तसा त्यांनी तो सगळ्यांना दाखवला.

"तुम्हाला सांगायला हवं," ते म्हणाले. "गेली पंधरा वर्षं वरचे सूर मी ऐकत नव्हतो. आठवत होतो."

अविनं चाचरत विचारलं, "मग काका, ते माझे पार्ट... तुम्ही नको म्हणाला होतात ते?"

"ते तू तुझ्या कानांनी ऐकायचे होतेस, अवि. मी तेव्हाही तुला हेच सांगायला हवं होतं."

आता त्यांना कानाचं मशीन आहे. बोलताना असतं. रेकॉर्डवर सुई टेकवायच्या आधी मात्र ते काढतात आणि खिशात ठेवतात. मी एकदा विचारलंच, "काका, हे उलट नाही का होत?"

"हे माणसांसाठी," ते म्हणाले. "गाण्यापुरतं माझं मला पुरतं."

* * *

आणि आता प्रदीपच्या आईंचा.

प्रदीपचे वडील, सुदाम गायकवाड, रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये कामाला होते. सुट्टीच्या दिवशी त्यांची गायन पार्टी निघायची. वस्त्यावस्त्यांतून बाबासाहेबांचे विचार गाण्यांतून सांगायचे. नांदेडच्या बाजूला त्यांना सगळे शाहीर म्हणूनच ओळखत. प्रदीप कॉलेजात असतानाच ते गेले. मागे राहिली एक वही आणि एका जयंतीच्या कार्यक्रमाची एकुलती एक कॅसेट.

ती कॅसेट प्रदीपनं कॉम्प्युटरवर उतरवून घेतली होती. गाडीत, फोनवर, हॉस्पिटलला जाता-येता तो ती ऐकायचा. मँचेस्टरच्या जयंतीच्या कार्यक्रमात दर वर्षी त्यातलं एखादं कडवं म्हणायचा आणि अभिमानानं सांगायचा, "शब्द माझ्या वडिलांचे." आता तर तो त्या गाण्यांचं पुस्तक काढत होता. कव्हरसुद्धा तयार होतं: ‘शाहीर सुदाम गायकवाड यांची गाणी’.

या उन्हाळ्यात त्याची आई सहा महिन्यांसाठी आली. सुमनताई, वय एक्क्याऐंशी, कमी बोलणाऱ्या. आम्ही सगळे त्याच्याकडे जमलो होतो. प्रदीप म्हणाला, "आई, आज तुला बाबांना माझ्या मोठ्या स्पीकरवर ऐकवतो. इतक्या वर्षांत तू नीट ऐकलंच नाहीयेस."

त्या शाल घेऊन सोफ्यावर बसल्या. प्रदीपनं लावलं.

आधी माणसांची गडबड, कुणीतरी माईक ठोकतंय. मग ढोलकी. आणि मग तो आवाज. फोनवर ऐकवला होता तेव्हा ढोलकीखाली दबलेला, घोगरा वाटला होता. इथे तो माणूस खोलीत येऊन उभा राहिला. छातीतून गाणारा, दमदार. ओळ संपताना श्वास घेतलेला कळत होता. सुमनताई हलल्या नाहीत. फक्त शालीखाली त्यांचं बोट ताल धरत होतं.

शेवटचं कडवं आलं. गाणं रचणाऱ्याचं नाव ज्यात गुंफलेलं असतं, ते. कॅसेटमध्ये याच जागी टाळ्यांचा कडकडाट होता, त्यामुळे शब्द पुसट झालेले, आणि वहीत हे कडवं उतरवलेलंच नव्हतं. प्रदीपला पाठच होतं. तो डोळे मिटून बरोबर म्हणत होता, "सुदाम म्हणे बायांनो, लेकीला शाळेत धाडा..."

त्याचे ओठ मध्येच थांबले. त्यानं गाणं मागे नेलं. पुन्हा लावलं. टाळ्या एकीकडे आणि आवाज एकीकडे, अगदी वेगळे ऐकू येत होते. पुन्हा एकदा मागे नेलं. आता आम्हा सगळ्यांनाच ऐकू आलं.

"सुमन म्हणे बायांनो, लेकीला शाळेत धाडा..."

प्रदीपनं गाणं थांबवलं. 

"आई... हे गाणं तुझं आहे?"

सुमनताई स्पीकरकडेच बघत होत्या.

"मी म्हणत होते, तुमचं नाव घाला म्हणून. त्यांनी ऐकलं नाही."

"आणि वहीतली बाकीची?"

त्यांनी शाल खांद्यावरून काढली, घडी करून बाजूला ठेवली.

"याची अजून दोन कडवी होती," त्या म्हणाल्या. "ती गाळली त्यांनी. कागद आण."