मागच्या खुर्चीतला माणूस

ते प्रकरण आजही आठवतं, आणि आठवलं की खुर्चीत बसवत नाही.

नोकरीतली बरीच वर्षं मी पुण्यात पोलिसांच्या विशेष शाखेत काढली. काम साधं होतं. कॉलेजांतल्या सभांना मागच्या रांगेत बसायचं आणि कोणता प्राध्यापक, कोणता विद्यार्थी कुठे झुकतो ते अहवालात लिहायचं. डावा, उजवा, निरुपद्रवी. बहुतेक क्रांतिकारक परीक्षा जवळ आली की निरुपद्रवी होत.

निवृत्तीनंतर, २०२० साली, मुलीकडे आयर्लंडला गेलो आणि टाळेबंदीत डब्लिनजवळच्या ल्यूकनला, तिच्या घरी अडकलो. मुलगी डब्लिनच्या एका कॉलेजात राज्यशास्त्र शिकवायची, वर्षाच्या कंत्राटावर. वर्ग स्वयंपाकघरातल्या टेबलावरून, लॅपटॉपवर चालत.

पुढच्या जानेवारीत तिला विभागप्रमुखांची मेल आली. निनावी तक्रार होती: या वर्गात मोकळेपणानं बोलता येत नाही, मतांवर पाळत ठेवली जाते. खुलासा मागवला होता. तोवर कंत्राट वाढवण्याचा निर्णय स्थगित.

"मी माझं मत वर्गात सांगतच नाही, बाबा," ती म्हणाली. "आधी मुलं नुसती भांडायची. ऑक्टोबरपासून गप्प आहेत."

तपास मी हाती घेतला. कोणी सांगितलं नव्हतं. तिला समोर बसवलं.

"तुझा कल नक्की कुणीकडे?"

"बाबा, मी मुलगी आहे तुमची. आरोपी नाही."

"आरोपीला आधी चहा देतो मी. ऑक्टोबरात काय बदललं?"

"काही नाही. थंडी वाढली."

मग घटनास्थळाची पाहणी. तिच्या खुर्चीत बसून कॅमेरा चालू केला. पडद्यावर माझ्या खांद्यामागे हीटरजवळची खुर्ची स्वच्छ दिसत होती. थंडी वाढल्यापासून मी तिथेच बसायचो. खुर्चीच्या हातावर माझी डायरी आणि पेन. पंचनामा करायला गेलो आणि मुद्देमाल माझाच निघाला.

डायरी मुलीनं उघडली. सवयीनं रोज लिहीत होतो: 'लांब केसांचा मुलगा: डावा. चष्मेवाली: उजवीकडे कल. प्राध्यापिका: लक्ष ठेवावे.'

"लक्ष ठेवावे?" एवढंच म्हणाली, आणि डायरी माझ्या हातात ठेवली.

पुढच्या वर्गात कॅमेऱ्यासमोर बसून मी कबुलीजबाब दिला. लांब केसांच्या मुलानं विचारलं, "माझ्याबद्दल काय लिहिलंत?"

"डावा."

"ग्रँड! आमचे वडील मला उजवा म्हणतात. त्यांना हे वाचून दाखवाल?"

वर्ग हसला आणि दहा मिनिटांत पुन्हा भांडू लागला. मुलीनं खुलाशात सगळं खरं लिहिलं. मार्चमध्ये कंत्राट वाढलं.

मला मात्र त्या मुलाचा प्रश्न सोडत नाही. 'माझ्याबद्दल काय लिहिलंत?' असं मला तोंडावर विचारणारा तो पहिलाच. पुण्यात ती सोय कोणालाच नव्हती. तिथल्या एका तरुण प्राध्यापकाबद्दल मी 'लक्ष ठेवावे' असं लिहिलं होतं. पुढे त्याला नोकरीत कायम केलं नाही, असं कानावर आलं. का, याची मी चौकशी केली नाही. ज्या सभेवरून मी ते लिहिलं, तिथे माइक बिघडला होता. मी मागच्या रांगेत होतो. त्याच्या भाषणातला एक शब्दही मला ऐकू आला नव्हता.