मुकुट आणि अडलेलं गणित

वेतुरियाबाईंना शांत वर्गाचा भारी संशय. बुझाऊ नदीकाठच्या त्या गावातल्या शाळेत त्या दुसरीला शिकवत, आणि एखादं मूल फारच गुपचूप बसलं की त्यांना वाटे, इथे काहीतरी सडतंय. स्मरांदा तशी गुपचूप बसायची. बाई फळ्यावर गणित लिहीपर्यंत तिचं सुटलेलं असायचं. मग उरलेला तास ती बाकाचे खिळे उपटायची.

"हुशार पोर आहे, तिला जास्तीची गणितं द्या," हेडमास्तर पिंतिलिये म्हणाले. त्यांच्या तोंडात कायम तीळ लावलेलं पावाचं कडं असे, त्यामुळे सल्ल्याबरोबर तीळही उडत.

"तसलीच आणखी वीस? म्हणजे काम लवकर संपवल्याची शिक्षाच की, सर!"

बाईंनी कुणालाही न विचारता तिला गणिताच्या तासाला चौथीत नेऊन बसवलं. तिथे स्मरांदा पहिल्याच दिवशी अडली. दुसऱ्या दिवशीही. घरी भोकाड पसरलं, आणि सकाळी सगळ्यांच्या आधी शाळेत हजर. खिळे वाचले.

पण जूनमध्ये, शाळेचं वर्ष संपताना, मुकुटाचा दिवस येतो. ज्याला सगळ्या विषयांत 'फार चांगलं', तो वर्गात पहिला, आणि त्याच्या डोक्यावर फुलांचा मुकुट. चौथीच्या गणितात स्मरांदाला नुसतं 'चांगलं' मिळत होतं. तिची आई मारिनेला गावात सलून चालवायची, आणि मुकुटाच्या फोटोसाठी तिने आरशाशेजारी खिळा ठोकूनही ठेवला होता. मे महिन्यात तिला हे कळलं, तशी ती कात्री हातात घेऊनच शाळेत आली.

"बाई, पोरीला दुसरीतच बसवा. महिनाभर सोपं सोडवेल, मुकुट घेईल. मग सप्टेंबरात घाला काय घालायचा तो गोंधळ."

"महिनाभर परत खिळे उपटेल."

"उपटू दे! तुम्हाला नव्हता मिळाला मुकुट? चारही वर्षं! माझी आई अजून सांगते."

"मिळाला ना. आणि पाचवीत पहिल्यांदा गणित अडलं, तर मी पोट दुखतंय म्हणून घरी बसले. अडल्यावर काय करायचं असतं, हे मला कुणी शिकवलंच नव्हतं. मुकुटवाली पोर, हिला काय शिकवायचं! जन्मभर घाबरले मी गणिताला, मारिनेला. हिने घाबरायला नको."

मारिनेलाने कात्री खिशात घातली, पण पटलं काही नाही. हेडमास्तरांनी दोघींच्याही बोलण्याला मान डोलावली. ते काम त्यांना छान जमे.

जूनमध्ये दुसरीचा मुकुट पिंतिलियेंच्या भाचीला मिळाला. ती भाची आहे म्हणून नव्हे, हे त्यांनी माइकवरून दोनदा सांगितलं. मारिनेला काही हार मानणारी बाई नव्हे. तिने पिशवीतून घरी गुंफलेला डेझीचा मुकुट काढला आणि पोरीला शोधत निघाली. स्मरांदा पायरीवर बसली होती, मांडीवर कागद.

"मान वर कर. फोटो काढायचाय."

"थांब ना आई! अडलंय माझं."

"बये, आजपासून सुट्टी लागली!"

"सुट्टीसाठीच दिलंय चौथीच्या सरांनी. कुणाला विचारू नकोस हं. मीच काढणार."

गालाला शाई, जीभ बाहेर, आणि स्वारी खुशीत. आई बघतच राहिली. चौथीच्या गणिताला बसायच्या आधी रोज घरी येऊन भिंतीकडे तोंड करून बसणारी पोर ती हीच, हे तिला खरं वाटेना. डोळे भरून आले, तेव्हा तिने नाक ओढलं आणि मुकुट आपल्याच डोक्यावर चढवला. मागून वेतुरियाबाई येत होत्या, त्यांच्या हातात तिने फोन दिला.

"दोन तास गुंफलाय. वाया घालवू होय? बाई, काढा फोटो!"

आता तो फोटो सलूनमध्ये आहे. मुकुट आईच्या डोक्यावर, पोरीचा नुसता भांग दिसतो. गिऱ्हाईक विचारतं, "काय गं, मुलगी पहिली आली वाटतं?"

"छे हो," मारिनेला मान ताठ करून सांगते, "अडलीय ती."